वारसा, फेरफार आणि सर्व्हर

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. ज्यांनी जन्मात सर्व्हर पाहिला नाही त्यांनाही कळेल, कारण मूळ प्रश्न घरोघरचा आहे. वडिलांकडून आलेली एखादी गोष्ट मुलाने बदलली, तर ती खरंच बदलते का? आणि बदलली हे कुठे लिहून ठेवतात?

गोष्ट २०१० सालची. मी तेव्हा एका कंपनीत (नाव जाऊ दे) सर्व्हर सांभाळायचो. चाळीसेक मशीन्स होती आणि सगळ्यांची सेटिंग्ज 'पपेट' नावाच्या टूलमधून जायची. म्हणजे काय, तर एका जागी लिहून ठेवायचं की प्रत्येक मशीन कसं असायला हवं, आणि पपेट ते मशीन तसं करून टाकणार. चाळीस वेळा तेच लिहायला नको म्हणून एक 'मूळ मशीन' लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याचा वारसा घ्यायचा.

एका गुरुवारी मी एक टेस्ट सर्व्हर उभा केला. त्यावर खऱ्या डेटाबेसची कॉपी होती, म्हणजे खऱ्या ग्राहकांचे खरे पत्ते. तेव्हा त्यावरून मेल बाहेर जाऊन चालणार नव्हतं. मी मूळ मशीनचा वारसा घेतला आणि खाली एकच ओळ ओव्हरराइड केली: मेल या सर्व्हरवरून नाही, त्या सर्व्हरवरून पाठव. 'तो' सर्व्हर म्हणजे आलेली प्रत्येक मेल गिळून गप्प बसणारा एक डबा. काम झालं, घरी गेलो.

शुक्रवारी दुपारी टेस्टिंगमधल्या एका नव्या मुलीने बिलाच्या आठवणीचं बटण दाबलं. दहा मिनिटांत फोन वाजायला लागले. बिल वेळेवर भरलेल्या लोकांना 'आपले बिल थकले आहे' अशी पत्रं गेली होती!

पहिले दोन तास सगळ्यांचं बोट त्या मुलीकडे. आणि मी काय केलं? मी फाईल उघडून दाखवली. "हे बघा, मी मेल सर्व्हर बदलला आहे. माझ्याकडून सगळं बरोबर आहे." फाईलमध्ये खरंच बरोबर लिहिलं होतं. ती बिचारी रडवेली होऊन तेच सांगत होती, की मी फक्त बटण दाबलं. शेवटी मी त्या मशीनवर जाऊन मेलची खरी सेटिंग पाहिली. तिथे जुनाच सर्व्हर. माझी ओळ वाचलीच गेली नव्हती.

कारण ऐका. त्या काळच्या पपेटमध्ये एका मशीनने दुसऱ्याचा वारसा घेतला की आधी मूळ मशीनचा हिशोब व्हायचा. मेलची सगळी मांडणी मूळ मशीनमध्येच होती, म्हणून ती तिथली किंमत घेऊन मोकळी झाली. माझी ओळ त्यानंतर आली आणि ती फक्त माझ्यापुरती, म्हणजे खालच्या घरापुरती होती. वरच्या घरात ती दिसतच नव्हती. बापाने जमीन विकून टाकल्यावर मुलाने सांगायचं की इथे ऊस लावा, तसलाच प्रकार. बरं, हा काही छुपा बग नव्हता. असं होतं हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं, इतकंच.

रविवारी घरी बाबांना हे सांगितलं. बाबा रिटायर्ड तलाठी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अरे, पण याचा फेरफार कुठे नोंदवलाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पण ते नाव तिथे आलं कसं, वारसाने, खरेदीने की वाटणीने, हे फेरफार नोंदवहीत असतं (गाव नमुना सहा). सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा नंबर असतो, तो धरून मागे मागे जाता येतं. बाबांच्या त्या एका वाक्याने मला या सगळ्या टूल्सचा इतिहास नव्याने वाचायला लावला. तोच आज सांगतो.

सुरुवात १९९३ मध्ये. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस हे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे संशोधक होते. विभागातली वेगवेगळ्या जातीची युनिक्स मशीन्स सांभाळताना स्क्रिप्टांचं जंगल झालं, म्हणून त्यांनी 'सीएफइंजिन' लिहिलं. त्यात 'क्लास' होते, पण ते म्हणजे निव्वळ हो-नाही प्रश्न. हे मशीन लिनक्स आहे का? आज सोमवार आहे का? मशीनचं नाव अमुक आहे का? वेगळी वागणूक हवी असेल तर अट घालून तसं लिहायचं. बाप-लेक असं नातंच नव्हतं.

वारशाची भानगड मात्र शेजारी चालू होती. अपाची वेब सर्व्हरमध्ये वरच्या फोल्डरची सेटिंग खालच्या फोल्डरला आपोआप लागते, आणि खालच्या फोल्डरमध्ये 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' नावाची फाईल टाकून ती बदलता येते. पण कोणाला काय बदलू द्यायचं, हे ठरवायची 'अलाउ ओव्हरराइड' नावाची वेगळी किल्ली वरच्याच्या हातात. बरीच वर्षं ही किल्ली न सांगता 'सगळं चालेल' अशी होती. २०१२ मध्ये अपाची २.४ आलं आणि ती 'काहीही चालणार नाही' अशी झाली.

विंडोज २००० च्या ग्रुप पॉलिसीमध्ये तर सरळ सासू-सुनेचा सामना आहे. खालच्या विभागाला 'वारसा अडवा' अशी सोय दिली, तर वरच्याला 'ओव्हरराइड चालणार नाही' अशी सोय दिली. दोघांनी वापरली तर वरचा जिंकतो! :)

२००५ मध्ये ल्यूक केनीज यांनी पपेट आणलं. त्यांनी आधी सीएफइंजिनवर काम केलेलं होतं. पपेटमध्ये वारसा आला तो प्रोग्रॅमिंगच्या भाषांसारखा: हा क्लास त्या क्लासचा वारस, आणि वारसाने बापाची अमुक किंमत बदलायची. दिसायला सुंदर. पण त्या काळी एखाद्या क्लासमध्ये न सापडलेली किंमत, त्याला ज्याने आधी बोलावलं त्याच्याकडून यायची. म्हणजे बोलावण्याचा क्रम बदलला की सेटिंग बदलली. २०१२ च्या पपेट ३ मध्ये हे बंद केलं. आणि ज्याने माझा शुक्रवार खाल्ला तो मशीनचा वारसा २०१५ च्या पपेट ४ मधून काढूनच टाकला. (ते वाचून मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो.)

२००९ मध्ये 'शेफ' आलं, अ‍ॅडम जेकब आणि मंडळींचं. त्यांनी बाप-लेक नको, पायऱ्या हव्यात असं ठरवलं: डीफॉल्ट, नॉर्मल, ओव्हरराइड. वरची पायरी जिंकणार. छान. मग कोणालातरी ओव्हरराइडच्याही वर जायचं होतं. २०१३ च्या शेफ ११ मध्ये 'फोर्स ओव्हरराइड' आलं. नावातच सगळा इतिहास आहे बघा! एकूण पायऱ्या झाल्या १५. त्यातही गंमत अशी, की डीफॉल्टमध्ये 'रोल' हा 'एन्व्हायर्नमेंट'ला हरवतो आणि ओव्हरराइडमध्ये बरोबर उलटं. परीक्षेला विचारण्यासारखा प्रश्न.

२०१२ मध्ये मायकेल डीहान यांनी 'अ‍ॅन्सिबल' आणलं. साधेपणा हाच त्याचा गुण. पण आज त्याच्या दस्तऐवजात एखाद्या व्हेरिएबलची किंमत ठरवणाऱ्या पायऱ्यांची यादी आहे २२ ओळींची. एक मशीन एकाच पातळीवरच्या दोन गटांत असेल आणि प्राधान्य मुद्दाम सांगितलं नसेल, तर गटाच्या नावाच्या अक्षरक्रमाने शेवटचा जिंकतो. म्हणजे गटाचं नुसतं बारसं परत केलं तरी सर्व्हरची सेटिंग बदलू शकते.

यात कोणी मूर्ख नव्हतं. प्रत्येक पायरीमागे एक खरा माणूस उभा आहे, ज्याचं म्हणणं एवढंच होतं की "बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त माझ्या या एका सर्व्हरचं वेगळं करा." आपल्याकडे "एवढ्या एका वेळेला" म्हणून जे जे होतं, तेच. अपवादाला पायरी द्यायची, आणि पुढच्या अपवादाला अजून वरची पायरी.

पण याच इतिहासात दुसरा एक धागा आहे, आणि तो मला बाबांच्या प्रश्नामुळे दिसला. २०११ मध्ये आर. आय. पिनार यांनी पपेटसाठी 'हायरा' लिहिलं. कल्पना साधी: किमती कोडमधून बाहेर काढायच्या, आणि कोण कोणाला हरवणार ही उतरंड तुम्हीच एका फाईलमध्ये लिहायची. आधी या मशीनची फाईल, मग त्या शहरातल्या डेटा सेंटरची, मग सगळ्यांची. पहिली सापडेल ती घ्यायची. पुढच्याच वर्षी ते पपेट ३ मध्ये आलं. नंतर त्याला एक सोय मिळाली: एखादी किंमत कुठून आली ते विचारलं, तर कुठे कुठे शोधलं, कुठे नाही सापडली, कुठे सापडली, हे पायरी पायरीने सांगतं. शेफ ११ मध्येही तसंच आलं, प्रत्येक पातळीवर काय लिहिलंय ते दाखवणारं.

हाच तो फेरफार! माझ्याकडे २०१० मध्ये फक्त मी लिहिलेला कागद होता. मशीनवर काय लागू झालं तो सातबारा मी पाहिला नाही, आणि ते तिथे कसं आलं ते सांगणारी वही तर नव्हतीच.

आता जमाना कुबरनेटिसचा आहे. पण हेल्मची एकावर एक किमतींच्या फायली (शेवटची जिंकते, आणि कमांडवर लिहिलेली तिलाही हरवते) किंवा कस्टमाइझचे बेस आणि ओव्हरले पाहिले की वाटतं, घर बदललं, भांडणं तीच.

म्हणून आमच्या टीममध्ये एक नियम आहे. ओव्हरराइड करायला बंदी नाही, ती असूही नये. पण त्याच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या: कोणी, कशासाठी, कधीपर्यंत. आणि लिहिणाऱ्याने मशीनवर जाऊन शेवटी काय लागू झालं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. फाईल दाखवून "माझ्याकडून बरोबर आहे" म्हणायचं नाही.

त्या सोमवारी मी त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. खरं तर ती शुक्रवारीच मागायला हवी होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना सर." पण माझ्या नावावर तो फेरफार कायमचा नोंदला गेलाय, आणि तो तसाच राहू द्यावा असं मला वाटतं.

असो. चहा थंड झाला. पुढच्या शनिवारी भेटू.