घारापुरीचा राजपाहुणा

अक्कलकोट रोडच्या या कारखान्यांच्या वसाहतीत समुद्रातल्या लेण्यांची कथा सांगावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. तथापि ती कथा जशी राजाची आहे, तशीच ती दिव्याचीही आहे. आणि दिव्याचे मोल यंत्रमागावर काम करणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

८ नोव्हेंबर १८७५ रोजी इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला प्रिन्स ऑफ वेल्स, 'सेरापिस' जहाजातून मुंबईस आला. दुसऱ्याच दिवशी त्याला ३४ वर्षे पूर्ण झाली. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक स्वागतास हजर होते. संस्थानिकांचा मेळा जमला होता. त्यात अवघ्या १२ वर्षांचे सयाजीराव गायकवाड होते. मल्हाररावांना पदच्युत करून त्याच वर्षी त्यांना गादीवर बसविले होते. याच मुक्कामात एके दिवशी युवराज बोटीने घारापुरीस गेला आणि तेथे लेण्यातच त्याला मेजवानी देण्यात आली.

हे लेणे साधारण सहाव्या शतकातले. अखंड खडक खोदून उभे केलेले स्तंभ, आणि मागच्या भिंतीवर सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुख शिवाची मूर्ती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हा हे बेटही त्यांच्याकडे गेले. धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटास एलिफंटा म्हटले. येथला एक शिलालेख त्यांनी पोर्तुगालला पाठविला, तो कायमचा हरवला. म्हणून हे कोणी खोदविले, याविषयी विद्वानांना आजही तर्कच करावा लागतो. मूर्तींची तर बरीच मोडतोड झालेली. त्या भग्न देवांच्या समोर दिव्यांच्या झगमगाटात युवराजाची पंगत बसली. शिवालयाचे एका रात्रीपुरते भोजनगृह झाले!

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू पाहू. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात कर्जाने गांजलेले शेतकरी सावकारांवर उठले, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत खतपत्रांच्या होळ्या पेटल्या. युवराजाच्या सफरीसाठी मात्र पार्लमेंटने ६०,००० पौंड मंजूर केले, आणि हिंदुस्थानच्या तिजोरीवरही भार पडला. पुढच्याच वर्षी पाऊस रुसला. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळाची झळ आपल्या सोलापूर जिल्ह्यास फार लागली. लोक अन्नास महाग झाले असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस कैसर-ए-हिंद म्हणून जाहीर करण्यात आले. योगायोग असा, की आपल्या गावातली पहिली कापडगिरणी याच १८७७ साली सुरू झाली. दरबार संपले, गिरणीच्या भोंग्याने मात्र या गावाचे रूप पालटले.

परंतु आम्हांस खरी अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. एका राजपुत्राच्या जेवणासाठी ज्या बेटावरची लेणी उजळली, त्या बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या वस्त्यांत कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून! समोर मुंबई रात्रभर लखलखत असे, आणि येथे संध्याकाळी काही तास जनरेटर चालत असे. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तरी त्यानंतरही रहिवाशांना ३१ वर्षे वाट पाहावी लागली.

वीज गेली की येथे माग थांबतो, टॉवेल अर्ध्यावर राहतो आणि मजुरी बुडते. एक तास अंधार म्हणजे काय, हे आपण जाणतो. मग पिढ्यान्‌पिढ्यांचा अंधार कसा असेल? इतिहासाची पुस्तके पाहुण्याचे आगमन सविस्तर लिहितात. यजमानाच्या घरात दिवा होता की नाही, हे क्वचितच विचारतात. आपण जेव्हा घारापुरीस जाल, तेव्हा त्रिमूर्तीपुढे अवश्य हात जोडा. पण खाली उतरताना वस्तीतल्या घरांकडेही एकदा पाहा. त्या घरांतला दिवा १८७५ च्या रोषणाईपेक्षा आम्हांस अधिक ऐतिहासिक वाटतो.