केळ्याच्या चकतीपासून साखरेच्या पट्टीपर्यंत

रावेर-यावलकडचे केळे कापून ठेवले, की घटकाभरात त्याचा गर काळवंडतो. ही करामत गरातल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमची. १९८५ साली अमेरिकेत सिडवेल आणि रेक्निट्झ यांनी हे एन्झाइम वेगळे काढण्याच्या भानगडीत न पडता केळ्याचा गरच ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसवला आणि द्रावणातले डोपामिन मोजून दाखवले. उपकरणाचे नावही ठेवले ‘बनानाट्रोड’. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या थोरवीत या परदेशी भाऊबंदाला एक ओळ द्यायला हरकत नसावी.

त्याचे पूर्वज शोधायला आपण १९१६ पर्यंत मागे जाऊ. नेल्सन आणि ग्रिफिन यांना आढळले, की साखरेचे विघटन करणारे इन्व्हर्टेज कोळशाच्या भुकटीला चिकटले तरी त्याचे काम चालूच राहते. एन्झाइमला एका जागी बांधता येते, ही बातमी तेव्हा फारशी कुणाच्या कामाची नव्हती. १९२८ मध्ये म्युलर यांना बुरशीत ग्लुकोज ऑक्सिडेज सापडले. १९५६ मध्ये लेलंड क्लार्क यांचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड आला आणि १९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी पातळ पडद्यांमध्ये एन्झाइम कोंडून ते इलेक्ट्रोडशी जोडण्याची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ते पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडच्या जेलमध्ये अडकवले. इथून पुढचा इतिहास, माझ्या मते, एन्झाइमपेक्षा ते बसवण्याच्या कसबाचा आहे. ग्लुटराल्डिहाइडने एन्झाइमचे रेणू एकमेकांशी जखडता येतात. ते कमी पडले तर एन्झाइम धुऊन जाते, जास्त झाले तर जखडलेले एन्झाइम निकामी होते. थर जाड झाला तर साखर आत झिरपायला वेळ लागतो, फार पातळ झाला तर विद्युतसंकेत क्षीण होतो. द्रावणाची आम्लता, तापमान, सुकवण्याची पद्धत, यांतले काहीही बदलले की त्याच एन्झाइमचा इलेक्ट्रोड वेगळा वागतो.

केळ्यालाही हा जाच चुकला नाही. राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये ग्राफाइटची भुकटी एका द्रवात कालवून कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड केला होता. १९८८ मध्ये जोसेफ वांग आणि लिन यांनी त्याच पेस्टमध्ये केळ्याचा गर मिसळला. एन्झाइम आणि कार्बन शेजारी-शेजारी आल्याने उत्तर झटपट मिळू लागले. पण गर वाढवावा तर कार्बन घटतो आणि वीज वाहायला अडचण होते. प्रमाण जमवण्यातच सगळी मेख.

दरम्यान १९८४ मध्ये फेरोसीन नावाच्या संयुगाच्या मध्यस्थीने ग्लुकोज मोजताना ऑक्सिजनवरचे अवलंबन सुटले होते, आणि १९८७ मध्ये पेनच्या आकाराचा ग्लुकोजमापक बाजारात आला. आज जळगाव-धुळ्याच्या औषध दुकानांत मिळणारी साखर तपासण्याची पट्टी या घराण्यातली. तिच्या डबीवर साधारणपणे ३० अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते आणि झाकण लगेच लावायला सांगितलेले असते, कारण वाळवून बसवलेल्या एन्झाइमला उष्णता आणि ओल दोन्ही बाधतात. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तेव्हा बंद गाडीत राहिलेल्या डबीतल्या पट्टीने दाखवलेल्या आकड्यावर गोळीचा डोस ठरवू नये.