अत्यावश्यक आणि बिनपगारी

सरकारी तिजोरीतला पैसा काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मंजुरीशिवाय काढता येणार नाही, एवढेच अमेरिकेची राज्यघटना सांगते. निधीअभावी सरकारी कामकाज थांबण्याचा, म्हणजे ‘शटडाउन’चा, तिच्यात उल्लेखही नाही. एकोणिसाव्या शतकात काही खाती वर्षभराचा निधी पहिल्या काही महिन्यांतच संपवत आणि पुन्हा काँग्रेसपुढे हात पसरत. त्यांना वेसण घालण्यासाठी 1870 मध्ये कायदा झाला. आधी लोकांना फुकट राबवायचे आणि मागाहून त्यांच्या मेहनतान्याचे बिल पुढे करायचे, ही पळवाटही 1884 मध्ये बुजवण्यात आली. आणीबाणीचा अपवाद तेवढा ठेवला गेला.

तरीही मंजुरी लांबली म्हणून कार्यालयांना टाळे लागत नसे. 1978 मध्ये सतरा दिवस निधीचा पेच सुटला नव्हता, पण खात्यांनी काटकसर करून काम रेटले.

चित्र पालटले ते 1980 मध्ये. ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी 25 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना कायदेशीर मत कळवले: मंजुरी संपली की खात्याने आवराआवर करून काम थांबवावे. लगेच 1 मे रोजी फेडरल ट्रेड कमिशन एक दिवस बंद राहिले आणि तिथल्या सुमारे 1,600 कर्मचाऱ्यांचे काम थांबले. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची कामे चालू ठेवता येतील, असा खुलासा सिव्हिलेटींनी जानेवारी 1981 मध्ये केला. तेव्हापासून प्रत्येक शटडाउनमध्ये कर्मचाऱ्यांचे दोन गट पडतात. एक सक्तीच्या रजेवर घरी बसतो. दुसरा ‘अत्यावश्यक’ ठरून रोज कामावर जातो. पगार दोघांचाही अडकतो. फुकट राबवण्याला बंदी करणाऱ्या कायद्याच्याच आधाराने लाखो लोक आठवडेच्या आठवडे पगाराविना राबू लागले.

भारतात अर्थसंकल्प रखडला तर कलम 116 खालच्या लेखानुदानावर गाडा चालतो आणि अर्थसंकल्पच लोकसभेत फेटाळला गेला तर सरकारच पडते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस वेगवेगळे निवडून येतात. दोघे अडून बसले तरी कोणाचीच खुर्ची जात नाही. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या अशाच रस्सीखेचीत डिसेंबर 1995 पासून 21 दिवस कामकाज अडले. राष्ट्रीय उद्याने बंद झाली, पासपोर्टचे अर्ज साचले. 2013 च्या शटडाउनमध्ये एच-1बी व्हिसासाठी लागणारी कामगार खात्याची मंजुरी थांबली आणि त्याची झळ भारतातल्या संगणक अभियंत्यांनाही बसली.

मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी डोनाल्ड ट्रम्प यांनी 5.7 अब्ज डॉलर मागितले, काँग्रेसशी जुळले नाही आणि 22 डिसेंबर 2018 पासून 35 दिवस सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. त्यांतले चार लाखांहून अधिक कामावर होते. घरभाडे, कर्जाचे हप्ते, पाळणाघराची फी मात्र थांबली नव्हती. तटरक्षक दलाचाही पगार चुकला. राजधानीत शेफ होसे आंद्रेस यांच्या संस्थेने सरकारी नोकरांसाठी मोफत जेवणाची सोय केली. जोशुआ ट्री उद्यान पुरेशा रक्षकांविना खुले राहिले आणि तिथल्या झाडांची नासधूस झाली. अखेर 25 जानेवारीला हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमाने काही काळ रोखावी लागली. त्याच दिवशी तडजोड झाली.

थकलेला पगार नंतर मिळेलच, अशी हमी देणारा कायदा 2019 मध्ये झाला. सरकारी इमारतींत झाडलोट करणारे, पहारा देणारे, कँटीन चालवणारे कंत्राटी कामगार त्या हमीबाहेरच राहिले.

आरोग्यविम्याच्या अनुदानावरून 1 ऑक्टोबर 2025 ला सुरू झालेला शटडाउन तब्बल 43 दिवस लांबला. या वेळी झळ पगारदारांपुरती राहिली नाही. सुमारे 4.2 कोटी गरजूंना किराणा घेण्यासाठी मिळणारी ‘स्नॅप’ची मदत नोव्हेंबरमध्ये अडकली. 12 नोव्हेंबरच्या तडजोडीत ही मदत देणाऱ्या कृषी खात्याला पूर्ण वर्षाचा निधी मिळाला. बहुतेक खात्यांची सोय मात्र 30 जानेवारी 2026 पर्यंतच झाली.