नांदूर मध्यमेश्वर : पक्षिनिरीक्षण

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पाणथळ व पक्षी अभयारण्य. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी, बेटे व पाणकणसाची दाट बने तयार झाली. सिंचनासाठी अडवलेले पाणी अशा रीतीने पक्ष्यांचे घर बनले. 1986 मध्ये अभयारण्य घोषित झालेले हे स्थळ महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) होय. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ अशीही त्याची ओळख आहे.

येथे 230 हून अधिक पक्षिजातींची नोंद आहे. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे पाहुणे उत्तरेकडून येतात. चमचा हा पक्षी उथळ पाण्यात चपटी, अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि चोचीला भक्ष्य लागताच ती मिटतो. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी उडण्यापूर्वी पाण्यावर धावत जातो; त्या पावलांचा फटफटाट लांबवर ऐकू येतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा निरीक्षणाचा उत्तम काळ. चापडगावजवळील मनोऱ्यांवरून पहाटे, सूर्य पाठीशी ठेवून दुर्बिणीने पाहणे सोयीचे. पाणी ओसरताच उघड्या चिखलावर तुतवारसारखे चिखलपक्षी उतरतात. पक्ष्यांना उडवून छायाचित्र घेणे टाळावे. दूरच्या प्रवासाने थकलेल्या जिवांना येथे निवांतपणा मिळणे अत्यावश्यक आहे.