चित्रकार आणि त्याच्या समोरची व्यक्ति

शहापूरपासून डहाणूपर्यंतच्या वारली सवाशिणी तांदुळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहितात, तेव्हां समोर कोणाला बसवावें लागत नाहीं. ती आकृति एका माणसाची नसतेच. शाळेंत शिकलेल्या चित्रकलेचें तसें नाहीं. तेथें कोणीतरी आपला देह चित्राला उसना देतो, आणि सही मात्र चित्रकाराची होते.

मुंबईस १८५७ सालीं स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें विद्यार्थ्याचा हात प्रथम प्लॅस्टरच्या पुतळ्यांवर वळे. पुतळा दमत नाहीं, लाजत नाहीं, मजुरीहि मागत नाहीं. १९१९ सालीं ग्लॅडस्टन सॉलोमन आले आणि विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग सुरू झाला. समोर जिवंत माणूस आला खरा. परंतु तो मोबदल्यावर बसणारा, आणि नातें पाहण्यापुरतेंच.

दुसरी वाट घरांतून गेली. सावळाराम हळदणकरांनीं १९४५ च्या सुमारास हातीं दिवा घेतलेली स्त्री जलरंगांत रंगविली, त्या वेळीं समोर उभी होती त्यांची कन्या गीता. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील हें चित्र पुष्कळांना रविवर्म्याचें वाटतें. येथें न्याय उलटा झाला : चित्रकाराचें श्रेय वारंवार दुसऱ्याला जातें, परंतु समोर उभी राहणारी नांवानिशीं ठाऊक आहे.

हें भाग्य तिला कन्या म्हणून लाभलें. रोजानें बसणाऱ्यांना तें लाभलें नाहीं. माणसाचें निश्चल बसणें मजुरी देऊन विकत मिळतें. त्याची ओळख राखणें मात्र चित्रकाराच्याच हातीं असतें. जेथें नांव ठाऊक असेल, तेथें तें चित्राखालीं लिहावें, एवढें तरी ऋण आपण मानावयास हवें.