पत्र्यावरचे दगड

आमच्या आजोबांचा धंदा गवंड्याचा. त्यांचं सारं आयुष्य कळमनुरी तालुक्यात माळवदं घालण्यात गेलं, आणि माझं नोकरीतलं अर्धं आयुष्य त्याच माळवदांवरची माती कमी करा म्हणून लोकांना विनवण्यात. मी बांधकाम खात्यात होतो. आजोबांचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही.

माळवद घालायचं म्हणजे आधी खण पाडायचे. लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडवे सर, सरांवर फळ्या. फळ्यांची ऐपत नसली तर तासलेल्या फांद्या. वर निंबाचा पाला, म्हणजे वाळवी दूर राहते. मग तुडवलेला चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. काळी चालत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पहिल्याच मृगात घर गळतं. पांढरी मिळायची जुन्या गावठाणात, पडक्या गढीच्या पायथ्याशी. म्हणजे पाटलाची गढी ढासळत जायची आणि तिचीच माती गावाच्या डोक्यावर चढत जायची.

ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, घरोघरी एक-दोन गाड्या पांढरी माळवदावर पडायची. जुनी माती कोणी काढत नसे. काढली तर जमलेला थर मोडतो आणि नेमकं तिथंच पाणी शिरतं, हा अनुभव. बापाने टाकलेल्या मातीवर मुलगा माती टाकत गेला. वीतभराचा थर दोन-तीन पिढ्यांत दीड-दोन फुटांवर गेला. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे कोरडी असताना सहा-सात टन वजन. भिजली की आणखी वाढतं. हा हिशोब आजोबांनी कधी मांडला नाही, कारण त्या वजनाची भीती वाटावी असं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं.

त्यांच्या भीती वेगळ्या होत्या. वैशाखातलं ऊन, चोर, आग आणि मृगाआधीचं वादळ. गवताचं छप्पर पेटतं, उडतं. माळवदाला आग लागत नाही आणि वारा त्याचं काही वाकडं करू शकत नाही. हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती खरी, पण खेड्यातल्या माणसाचा भरवसा आपल्या भिंतीवर. दोन-अडीच फूट रुंदीची दगडमातीची भिंत, तिला खिडकी नाही. उजेड यायचा माळवदातल्या साण्यातून. धान्य भिंतीतल्या बळदात, नाहीतर जमिनीतल्या पेवात. पेव वरून माणूस उतरेल एवढ्याच तोंडाचं, आत मुरमात खोदलेलं आणि पोटाशी रुंद. उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. तो विझला तर आतली हवा खराब. तोंड उघडं ठेवून थांबायचं. घाई करून उतरलेला माणूस वर येत नसे.

माझा पुतण्या अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात राहतो. त्याने मध्यंतरी घरात वादळापासून आसरा बसवला, त्याचे फोटो आले तेव्हा मला पेवच आठवलं. गॅरेजची फरशी कापून खाली खड्डा, त्यात पोलादी पेटी, वर सरकतं झाकण, आत बाक. म्हटलं, बाबा, निवडलीस कशी? तर म्हणाला, काका, चार गोष्टी पाहिल्या. आईला गुडघेदुखीत त्या पायऱ्या उतरता येतील का. खाली पाणी साचतं का. वर गाडी उभी असताना झाकण सरकतं का. आणि घर अंगावर कोसळलं तर आपण कुठे आहोत हे अग्निशमनवाल्यांना माहीत असेल का. त्यासाठी तिथे पेटीची जागा आधीच नोंदवता येते. तळघर नको असेल तर घरातल्याच एखाद्या लहान खोलीला पोलादी नाहीतर काँक्रीटच्या भिंती करून ती पायाला बोल्टने जखडतात.

त्यांचं वारं आपल्या वादळासारखं नव्हे. १ मे १९९९ ला परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी ओक्लाहोमातल्या मूर गावावरून जो चक्रवात गेला, त्यात रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग मोजला. ३६ माणसं गेली. अशा वाऱ्यात छत काय, भिंतीही राहत नाहीत, जमिनीखालीच जायचं. आपल्याकडे उलट: वसमत तालुक्यात पांगरा शिंदेला वर्षानुवर्षं जमिनीतूनच गूढ आवाज येतात आणि लोक घर सोडून बाहेर पळतात.

पळायला वेळ मिळाला तर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा किल्लारीला तो मिळाला नाही. गणपती विसर्जन करून गावं झोपलेली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. भूकंप जगाच्या हिशोबाने फार मोठा नव्हता. माणसं मेली ती घरांनी. भिंतीत गोल, न घडवलेला दगड नुसत्या मातीत बसवलेला. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. औंढा नागनाथाच्या देवळात दगडात दगड अडकवलेला आहे. ती मेहनत खेड्यातल्या घराला परवडत नव्हती. भिंतीचे दोन थर फाकले आणि वरची माती खाली आली. एक गोष्ट मात्र आजोबांच्या बाजूची आहे: जिथे वजन खांबांवर होतं, तिथे भिंत पडली तरी सांगाडा उभा राहिलेली घरं पुष्कळ सापडली. खणाचं घर वाईट नव्हतं. लाकूड महागल्यावर खांब गाळून सर थेट भिंतीत घुसवले, तिथून वाईट झालं.

पुढे दुरुस्तीच्या सूचना आल्या त्या अगदी साध्या. माती उतरवा, पातळ थर ठेवा, खाली प्लास्टिकचा कागद घाला, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार द्या, भिंतीत आरपार दगड बसवा. ऐकणारे थोडे. बाकीच्यांनी माळवदच पाडलं आणि पत्रे टाकले.

पत्रा भूकंपाला बरा, कारण हलका. वादळाला वाईट, तोही हलका म्हणूनच. मे महिन्यात आमच्याकडच्या बातम्यांत पत्रे उडालेले असतातच. उडालेला पत्रा माणूस कापतो. त्याला खालच्या पाईपाशी जे-हुकाने धरायचं, वायसर घालून आवळायचं, आणि पाईप भिंतीत जखडायचा. पण हुकासाठी भोक पाडलं की तिथून गळतं, अशी समजूत. म्हणून वर दगड.

२१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ रिश्टरचा धक्का बसला, दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा. केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. प्रशासनाने आवाहन केलं की पत्र्यावरचे दगड उतरवा. आमच्या गल्लीत त्याच दिवशी सगळ्यांनी उतरवले. महिना-दीड महिन्याने अवकाळीचं वारं सुटलं, तसे ते एकेक करून पुन्हा वर गेले. १० जुलैला सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ केंद्र असलेला ४.५ चा धक्का आला, तेव्हा दगड वरच होते. नशीब, पडले नाहीत. शेजाऱ्याला म्हटलं, आता तरी हूक लावून घ्या, मी समोर उभा राहतो. ते म्हणाले, "साहेब, हुकाला पैसे पडतात. दगडाला काय पडतंय?"