सातपुड्याचा अग्निरथ

मोहगाव हे नाव कोकण-गोमंतकातील आमच्या वाचकांस फारसे परिचित नसावे. नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, सौंसर तालुक्यात हे गाव आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. 2023 पासून तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. मोहगावी अर्धनारीश्वराचे देवस्थान आहे, तर सौंसरजवळ जामसावळीचा पहुडलेला मारुती. या क्षेत्रांच्या यात्रेकरूंस पिढ्यान्‌पिढ्या सौंसर स्थानकावर आणून सोडणारी जी लहानशी आगगाडी होती, तिच्याविषयी आज लिहावयाचे आहे.

ही गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची. अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांचे जाळे या कंपनीने सातपुड्यात विणले. 1903 ते 1905 या काळात गोंदियापासून नैनपूर व जबलपूरपर्यंत मार्ग झाला आणि पुढे काही वर्षांनी नागपूर-छिंदवाडा मार्गही सुरू झाला. सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी स्थानके घेत गाडी भिमालगोंदीचा घाट चढे. या रुळांसाठी 'सी. सी.' जातीची एंजिने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून आली होती. कालांतराने वाफेची जागा डिझेलने घेतली. 2015 च्या अखेरीस नागपूर-छिंदवाडा हा अरुंद मार्गच बंद झाला आणि त्याच्या जागी रुंद मार्ग आला. प्रवाशांची सोय वाढली, याविषयी दुमत नाही. जुने एक 'सी. सी.' एंजिन मात्र नागपूरच्या मोतीबागेत, 2002 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात, उभे आहे. सातपुड्यात त्याच्या मापाचा रूळ आता उरलेला नाही.

एंजिन उभे राहिले म्हणजे राखले गेले काय? जगात या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे देणारी एक मोठी मंडळी आहे. दुरुस्त केलेले जुने एंजिन सहलीस निघाले, की ही मंडळी त्याच्या मागे निघतात. कोणी डब्यात बसतो; कोणी मोटारीने पुढे जाऊन पुलापाशी छायाचित्रासाठी उभा राहतो आणि गाडी गेली की पुढच्या वळणाकडे धावतो; कोणी चढावरचा एंजिनाचा धापा टाकण्याचा आवाज टिपून ठेवतो. 2016 च्या फेब्रुवारीत 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे 1923 चे एंजिन दीर्घ दुरुस्तीनंतर लंडनहून यॉर्कला निघाले, तेव्हा वाटेत चाहते रुळांवरच उतरल्याने गाडी थांबवावी लागली. भक्तीला शिस्त नसली, तर रथाचाच खोळंबा होतो, हे आपल्या यात्रांत आपणही पाहिले आहे.

प्रथम ऐकता हे सारे पोरखेळासारखे वाटते. आम्हांसही वाटले होते. पण आपल्या देशातील एक उदाहरण पाहावे. 1855 मध्ये लीड्स येथे बांधलेले 'फेअरी क्वीन' एंजिन 1909 मध्ये सेवेतून निघाले. पुढे पेरांबूरच्या कारखान्यात ते दुरुस्त झाले आणि 1997 मध्ये दिल्लीहून अलवरला पर्यटकांची गाडी ओढू लागले. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली होती. एवढ्या काळानंतर हे साधण्यास एक अनुकूलता होती: रुंद मार्गावरील वाफेची वाहतूक 1995 पर्यंत चालू होती, म्हणून ती विद्या जाणणारी माणसे हयात होती. बॉयलरात पाणी किती असावे, चढावर कोळसा केव्हा व कोठे पसरावा, कोणत्या आवाजास वाफ कमी करावी, हे ग्रंथ वाचून येत नाही. ड्रायव्हरकडून फायरमनकडे, हाताकडून हाताकडे, ते जाते. एक पिढी चूल विझलेली राहिली, की लोखंड उरते आणि विद्या जाते.

आमच्या वाचकांस याची खूण निराळ्या ठिकाणी पटेल. 1560 मध्ये श्रीमंगेशाचे लिंग भक्तांनी कुशस्थळीहून प्रियोळास नेले. स्थान सुटले, पण पूजा सुटली नाही. पूजाविधी जाणणारे देवासंगे गेले, म्हणून देवस्थान टिकले. नुसता पाषाण नेला असता आणि नंदादीप लावणारा हात मागे राहिला असता, तर आज तेथे पालखी निघती ना. सातपुड्याच्या अग्निरथाचे स्थान सुटले, याचे फार दुःख करू नये. त्याची विद्या सुटू नये, एवढी काळजी मात्र वाहिली पाहिजे.

ती वाहण्यास वेळ थोडा आहे. सौंसर, छिंदवाडा, नैनपूर, नागपूर येथील रेल्वेच्या घरांतून, ज्यांनी वाफेच्या एंजिनावर फावडे चालविले असे कोणी वृद्ध आजही भेटतील. त्यांच्यापाशी बसून ते सांगतील ते लिहून घ्यावे, त्यांचे हात कसे चालत ते पाहून ठेवावे. अर्धनारीश्वराच्या दर्शनास मोहगावी जाणाऱ्यांनी नागपुरात मोतीबागेकडेही पाऊल वळवावे आणि बरोबर मुलांना न्यावे. अग्नी व जल यांच्या संयोगाने हा रथ कसा चालत होता, हे त्या मुलांपैकी एखाद्याने हट्टाने विचारले, तर त्यास उत्तर देणारा कोणी तरी आपल्यात असावा, एवढीच आमची इच्छा आहे.